एप्रिल ते ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी हार्म डेटयेन आपली गाडी झोपवीत असे. ‘झोपवणे’ हा त्याचाच शब्द. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आतल्या रिकामपणाला गंज धरत नाही. चाकांत नेहमीपेक्षा जास्त हवा भरायची, म्हणजे सगळा हिवाळा एका जागी उभी राहून ती चपटी होत नाहीत. बॅटरी काढून तळघरात न्यायची, आत ओल कोंडू नये म्हणून खिडकीची काच बोटभर खाली ठेवायची, आणि शेवटी बायकोने, गेझिनेने, जुन्या चादरी जोडून शिवलेली पांढरी खोळ वरून अलगद सोडायची. हे सारे तो इतक्या हळुवारपणे करी की त्याची बायको दरवर्षी गॅरेजच्या दारात उभी राहून तेच म्हणे, “मला ताप आला तेव्हा गोळी हातावर ठेवलीस नि गेलास. सवतीला मात्र पांघरूण.”

यंदा ती तसे काही म्हणाली नाही. यंदा ती जाड कोट घालून आली होती, डोक्याला लोकरी रुमाल होता, आणि त्या दोन्हींच्या आत ती पूर्वीपेक्षा बरीच कमी होती.

“एवढ्यात नको झोपवू तिला,” गेझिने म्हणाली. “उद्या मला व्रेमेनला ने, समुद्रावर.”

हार्मच्या हातात बॅटरी होती. ती खाली ठेवावी की तळघरात न्यावी हे न सुचून तो तसाच उभा राहिला.

“आत्ताच काढली गं.”

“मग लाव परत. उद्याचा दिवस आहे ना अजून पाटीवर?”

दिवस होता. गाडीच्या नंबरपाटीच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे उठवलेले होते, वर शून्य चार आणि खाली दहा. एप्रिल ते ऑक्टोबर. कर तेवढ्याच महिन्यांचा, विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या काळात गाडीने सार्वजनिक रस्त्याला चाक लावायचे नाही. जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या पाट्या अशाच असत, आणि कुणाला त्याचे दुःख नसे. थंडीत त्या बाहेर काढायच्याच कशाला? पण दुसऱ्या दिवशी अजून ऑक्टोबर होता, हे खरे.

“उद्या पाऊस सांगितलाय,” हार्म म्हणाला. “आणि तू इथे उभी राहून कुडकुडतेयस. एप्रिलमध्ये जाऊ. तोवर तू बरी होशील.”

गेझिनेने त्याच्याकडे पाहिले. मग खोळीचे एक टोक उचलून त्याच्या हाती दिले, आणि दोघांनी मिळून गाडी झाकली.

पंधरवड्यापूर्वी इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाची चित्रे उजेडावर धरून हार्मला सांगितले होते, “वसंत ऋतूपर्यंत काय होतं ते बघू या, हेर डेटयेन.” त्या वाक्याचा रोख कुणीकडे होता हे त्याला कळले होते. तरी त्यातला ‘वसंत’ हा एकच शब्द उचलून त्याने तो खिशात घातला आणि घरी आणला. तेव्हापासून तो शब्द त्याच्याजवळ होता. हात घातला की लागायचा.

गाडी इझाबेला होती, फिकट करड्या रंगाची, समोर जाळीवर चौकट चिन्ह असलेली. एके काळी ब्रेमेनमध्ये, झेबाल्ड्सब्रुकच्या बोर्गवर्ड कारखान्यात, ती दोघांच्याही हाताखालून गेली असेल. हार्म तिथे दारे बसवी. दार नुसते बसून भागत नसे. लावताना त्याचा आवाज जड आणि मऊ यावा लागे, पुस्तक मिटल्यासारखा. गेझिने वरच्या मजल्यावर, गाद्या शिवणाऱ्या बायकांच्या दालनात होती. एकदा दाराच्या आतले कापड पुरेना म्हणून तो तणतणत वर गेला, तेव्हा कोपऱ्यातल्या मशीनवरची एक मुलगी मान वर न करता म्हणाली होती, “कापड तोकडं नाही. तुझं दार जाडं आहे.” सगळे दालन हसले. हार्म कान लाल करून खाली आला आणि त्या दिवशी बसवलेले एकही दार नीट लागले नाही.

मग एकसष्ट साली कारखाना बुडाला. बायकांनी मशीनमधल्या सुया काढून पिशव्यांत घातल्या, पुरुषांनी न्याहारीचे डबे उचलले, आणि रोज भोंग्याने उठणारी ती वस्ती आपापल्या घड्याळांवर उठू लागली. त्याच उन्हाळ्यात दोघे बसने व्रेमेनला गेले होते. छोटेसे बंदर, काळा-पांढरा बुटका दीपस्तंभ, समुद्र अडवणारा गवताचा बांध. बांधावर बसून त्यांनी कोळंबी भरलेले पाव खाल्ले आणि लग्न ठरवले, कारण ठरवण्यासारखे दुसरे काहीच त्यांच्या हाती उरले नव्हते. “आपण बनवायचो त्या गाडीतून एकदा इथे येऊ,” गेझिने म्हणाली होती. “बसनं आल्यावर समुद्रसुद्धा हिणकस वाटतो.”

त्याला फार वर्षे लागली. हार्म बंदरावर क्रेन दुरुस्त करीत राहिला, गेझिने लोकांचे पडदे शिवीत राहिली. मुलगी इम्के शाळेत जाऊ लागल्यावर केव्हातरी रोटेनबुर्गकडच्या एका शेतकऱ्याच्या खोपट्यात ही इझाबेला सापडली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. हार्मने पत्रा कापला, सांधला, घासला. गेझिनेने गाद्या नव्याने शिवल्या. मोजमाप कशाचेच नव्हते. तिने डोळे मिटून हातांना विचारले आणि हातांनी सांगितले. फक्त स्वतःच्या, म्हणजे चालकाशेजारच्या, सीटवर तिची एक शिवण कडेला वाकडी गेली. “हिवाळ्यात उसवून नीट करते,” ती दरवर्षी म्हणे. आणि दरवर्षी हिवाळा आला की हार्म म्हणे, “ती झोपलीय. कशाला उठवतेस?”

तेव्हापासून एप्रिलचा पहिला रविवार व्रेमेनचा. गेली अनेक वर्षे हे असेच चालले होते, आणि जे इतकी वर्षे चालते ते पुढेही चालणार, असे माणसाला वाटू लागते.

डिसेंबरच्या सुरुवातीलाच बर्फ पडले आणि राहिले. पालिकेच्या गाड्या बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ फेकत हिंडू लागल्या. शेजारचा एव्हाल्ड क्नूपे एका दुपारी हिरव्या कोबीची भाजी आणि जाड सॉसेजचे पातेले घेऊन आला. तो एके काळी त्याच कारखान्यात रंगकाम करी, आणि त्याच्या तोंडाला कधीच ब्रेक नव्हता.

“काय गेझिने, नवरा नेत नाही म्हणे समुद्रावर?”

“त्याची पाटी झोपलीय,” गेझिने सोफ्यावरून म्हणाली. तिने भाजीचा वास घेतला, दोन घास चिवडले आणि ताटली बाजूला सरकवली.

“अरे, इथल्या पोलिसांचे बापसुद्धा जन्मले नव्हते तेव्हाची गाडी ती. ते काय पाटी वाचत बसणारेत? फार तर थोडा चिखल फास पाटीला.”

“तो चिखलसुद्धा आधी गाळून घेईल,” गेझिने म्हणाली.

तिघेही हसले. हार्मही हसला. त्याने आयुष्यात रिकाम्या रस्त्यावरचा लाल दिवासुद्धा पायी ओलांडला नव्हता, हे तिघांनाही माहीत होते, आणि त्या माहितीच्या आडोशाला त्याला सुखरूप वाटत होते. जाताना फाटकापाशी एव्हाल्डने आवाज उतरवला.

“हार्म, ती चेष्टा करत नव्हती रे.”

“आपली दुसरी गाडी आहे ना दारात. त्यातून म्हणेल तेव्हा नेतो. मी विचारलंय तिला.”

“मग?”

“म्हणाली, हीटर लावून काचेतूनच बघायचं तर घरची खिडकी काय वाईट आहे.”

म्युनिकहून इम्केचा फोन आला. “पपा, पाच दिवसांची तात्पुरती पाटी मिळते. नाहीतर कचेरीत जाऊन वर्षभराची करून घ्या. कुणी अडवत नाही.”

“रस्त्यावर मीठ आहे, इम्के. सांध्यांत शिरलं की पत्रा आतून खातं.”

“पपा, मीठ धुता येतं.”

दुसऱ्या दिवशी औषधे आणायला म्हणून तो निघाला आणि वाहन नोंदणीच्या कचेरीत जाऊन बसला. भिंतीवरच्या पाटीत आकडे बदलत होते. त्याच्या पुढचा माणूस खिडकीशी गेला. जुन्या नंबरपाट्या त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या.

“गाडी बंद करायची?” आतल्या बाईंनी विचारले. “कायमची?”

“वडिलांची होती,” तो म्हणाला. “ते गेले.”

बाईंनी ठसा मारला. “पुढचे.”

पुढचा हार्मच होता. त्याला एकाएकी दिसले की बाई मान वर करून विचारतील, ‘एप्रिलपर्यंत थांबता येत नाही का?’ आणि त्याला त्या परक्या खोलीत, ओल्या कोटांच्या वासात, ते मोठ्याने म्हणावे लागेल. एप्रिल आहे तोवर ती आहे. एप्रिलच्या आधी गाडी काढणे म्हणजे एप्रिल काढून टाकणे. तो उठला, आकड्याची चिठ्ठी त्याने दाराजवळच्या टोपलीत टाकली आणि औषधे घेऊन घरी आला. याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही.

जानेवारीत एक दिवस ऊन पडले. पन्हाळीतून पाणी ठिबकू लागले. हार्म स्वयंपाकघरातून आला तेव्हा गेझिने कोट, बूट, हातमोजे घालून खुर्चीवर बसली होती. एवढे एकटीने करताना तिचा श्वास फुलला होता.

“आज मला वाद घालायचा नाही,” ती म्हणाली. “तुझा एप्रिल तुझ्यापाशी ठेव. मला व्रेमेन हवंय.”

“रस्ता पांढरा आहे मिठानं. मी बघून आलो.”

“मला ठाऊक आहे तू बघून आलास. तू रोज बघून येतोस.”

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. बराच वेळ तो तिच्या हातमोज्याचे एक बटण लावत राहिला. ते लागलेलेच होते. मग म्हणाला, “गॅरेजमध्ये येतेस? नुसतं बसू आत.”

गेझिनेने डोळे मिटले. “चल.”

त्याने खोळ अर्धीच सारली. तिला धरून तिच्या सीटवर बसवले, दार लावले. जड आणि मऊ आवाज आला. तो पलीकडून येऊन बसला. समोरच्या काचेवर खोळ तशीच होती. आत दुधासारखा मंद उजेड होता, आणि जुन्या कापडाचा, मेणाचा, कितीतरी उन्हाळ्यांचा वास.

“चालव,” गेझिने म्हणाली.

“बॅटरी तळघरात आहे.”

“चालव म्हटलं ना. कुठे आलो?”

हार्मने स्टिअरिंगवर हात ठेवले. त्याला लाज वाटत होती, लहान मुलाला वाटावी तशी. “हेमेलिंगेन मागे पडलं,” तो म्हणाला.

“इतक्यात एवढंच? एव्हाल्ड सायकलवरून पुढे गेला बघ.”

“रस्ता ओला आहे.”

“ओला कुठला? मे महिना आहे. मोहरी फुललीय दोन्हीकडे.”

“मोहरी फुललीय,” हार्म म्हणाला. “आता वेझर नदी डावीकडे राहिली. गाई बसल्यात. पवनचक्क्या.”

“त्या जुन्या सहलीत नव्हत्या.”

“आता आहेत.”

“बरं, असू देत. काच उघड थोडी.”

काच बोटभर उघडीच होती. “उघडली,” तो म्हणाला. “ब्रेमरहाफन. क्रेन दिसायला लागल्या.”

“त्यातली कडेची तू दुरुस्त केलीस. सांग ना. दरवेळी सांगतोस आणि मी दरवेळी बाहेर बघते.”

“त्यातली कडेची मी दुरुस्त केली.”

ती हसली. हसता हसता खोकला आला, तो थांबेना, आणि थांबला तेव्हा तिचा हात सीटच्या कडेवरून, त्या वाकड्या शिवणीवरून, मागे-पुढे फिरत होता.

“आता फाटा,” हार्म घाईने म्हणाला. “चर्च आलं. बांध दिसतोय, गेझिने. बांध ओलांडला की झालंच.”

“पुरे,” ती म्हणाली. “थंडी वाजते.”

“आलंच की आता. एवढं एक वळण.”

“राहू दे. उरलेलं एप्रिलमध्ये.”

ते टोचून बोलणे होते की त्याच्यावर केलेली दया, हे त्याला तेव्हा कळले नाही. नंतर पुढे कितीही वेळा ते शब्द कानांशी धरले तरी कळले नाही. त्याने तिला उचलून घरात आणले. ती हलकी होती. गाडीच्या दाराच्या आत लावायच्या कापडाच्या गुंडाळीइतकी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका साध्या सकाळी, इम्के तिची उशी बदलत असताना ती गेली. हार्म त्या वेळी कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव घेत होता.

दफनानंतर चर्चशेजारच्या दालनात रीतीप्रमाणे लोण्याचा केक आणि कॉफी झाली. लोक हळू आवाजात बोलत होते, मग जरा मोठ्याने, मग कुणीतरी हसले. एव्हाल्डने तोंड उघडले, मिटले, आणि नुसता हार्मच्या शेजारी बसून राहिला. त्याचे हे गप्प बसणे हार्मला सगळ्यांत असह्य झाले. म्युनिकची गाडी पकडण्यापूर्वी इम्केने बापाला मिठी मारली.

“पपा, एक सांगू? शेवटी शेवटी आई सारखं विचारायची. मीठ गेलं का रस्त्यावरचं?”

“मग तू काय सांगायचीस?”

“मी म्हणायचे, जातंय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बर्फ पडले. हार्मने तळघरातून बॅटरी वर आणली. खोळ ओढून काढली आणि तिथेच जमिनीवर टाकली. चाकांतली जास्तीची हवा त्याने सोडली नाही. इंजिन खोकले, गप्प झाले, पुन्हा खोकले आणि धरले. त्याने फाटक उघडले आणि गाडी रस्त्यावर आणली, जिथे तिने त्या महिन्यात चाक लावायचे नव्हते.

मीठ फेकणारी नारिंगी गाडी फार दूर नव्हती. तो मुद्दाम तिच्या मागे राहिला. दाणे पत्र्यावर तडतडत होते. घट्ट फुगलेल्या चाकांमुळे रस्त्याचा प्रत्येक खडा त्याच्या मणक्यात येत होता. राखाडी पाणी काचेवर उडत होते. वेझर डावीकडे राहिली. गाई नव्हत्या, मोहरी नव्हती. त्याने शेजारी पाहिले नाही.

व्रेमेनच्या फाट्याशी पोलिसांची गाडी उभी होती. एक तरुण पोलीस रस्त्यावर आला आणि त्याने हात वर केला. हार्मने गाडी कडेला घेतली, काच खाली केली, परवाना काढून हातात धरला. त्याच्या छातीत काहीतरी सैल झाले. आता हा विचारील, आणि मी सांगेन. आता हा लिहील, आणि ते कुठेतरी लिहिलेले राहील.

“मोइन,” पोलीस खाली वाकून म्हणाला. त्याने परवान्याकडे पाहिलेही नाही. “इझाबेला ना? कुठल्या सालची?”

“एकोणसाठ.”

“माझ्या आजोबांकडे होती. दाराचा आवाज काय होता तिच्या. जरा लावून दाखवता?”

हार्मने दार उघडले आणि लावले.

“अगदी तोच,” पोलीस म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला होता. “जपून जा, आजोबा. रस्त्यावर मीठ आहे. अशा गाडीचं वाईट वाटतं.”

“पाटी,” हार्म म्हणाला. “पाटी बघितलीत का तुम्ही?”

पोलीस पुढे जाऊन वाकला. पाटीवर मिठाचा आणि चिखलाचा जाड थर बसला होता. आकडे, अक्षरे, काहीच दिसत नव्हते.

“हो, मळलीय पार,” तो म्हणाला. “घरी गेल्यावर पुसून घ्या.” टपावर हलकेच थाप मारून त्याने रस्ता मोकळा करून दिला.

चर्च गेले. एवढे एक वळण राहिले होते. ते हार्मने घेतले. बांधावरून गाडी खाली उतरली. ओहोटी होती. समुद्र कुठेच नव्हता. दिसेल तिथवर ओला काळा चिखल होता, आणि त्यात कोळ्यांच्या होड्या एका अंगावर कलून पडल्या होत्या. कोळंबीच्या पावांची टपरी बंद होती. तिच्या फळीवर खडूने लिहिले होते, ‘एप्रिलमध्ये भेटू.’

त्याने इंजिन बंद केले.

“आलो,” तो म्हणाला.

मग त्याने हात लांब करून शेजारच्या सीटची कड चाचपली. वाकडी शिवण त्याच्या बोटाला लगेच सापडली. तिथे धागा थोडा सुटला होता. एवढ्यातच कुणीतरी नखाने उसवायला घ्यावा तसा, दोन टाके, जास्त नाही. तो काळोख पडेपर्यंत तिथे बसला असता, पण थंडी वाजू लागली, आणि थंडी वाजली म्हणून आपण घरी परतू शकतो याचीच त्याला शरम वाटली.

परत आल्यावर त्याने सवयीने रबरी नळी आणली, तोटी उघडली. पाण्याची धार आधी चाकावर पडली, मग दाराखालच्या पट्टीवर, जिथे मीठ आधी शिरते. इम्के म्हणाली होती ते खरे होते. ते धुऊन जात होते. अगदी सहज जात होते. हार्मने तोटी बंद केली. नळी गुंडाळून खुंटीला अडकवली, गाडी तशीच ओली आत घेतली आणि खिडकीची काच गच्च वर केली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी ऊन होते. एव्हाल्ड नवी टोपी घालून फाटकाशी आला. हार्म पायरीवर बसला होता.

“चल,” एव्हाल्ड म्हणाला. “मी येतो बरोबर. तिच्या जागेवर नाही बसत, मागे बसतो, कोंबड्यांसारखा. पाटी जागी झाली ना आता?”

गॅरेजचे दार किंचित उघडे होते. फटीतून आलेला उन्हाचा पट्टा गाडीच्या दाराखालच्या कडेवर पडला होता, आणि तिथे, एका ओळीत, रंगाखालून बारीक तांबडे फोड वर आले होते. एव्हाल्डने आयुष्यभर रंगकाम केले होते. त्याने ते पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“हार्म,” तो म्हणाला, “हे आत्ता घासलं तर वाचेल.”

हार्मने उठून गॅरेजचे दार ओढून घेतले.

“ती झोपलीय,” तो म्हणाला. “कशाला उठवतोस?”